बिननंबरी

दूध डेअरीच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी लोण्याचे खोके रचून ठेवत, त्या थंडगार खोलीत तो बसायचा, आणि सगळी डेअरी त्याला रिंगमास्टर म्हणायची. वाघ-सिंह काही नव्हते त्याच्यापाशी. एका फळीवर ओळीने मांडलेले आठ मोडेम होते, प्रत्येकाला एक टेलिफोनची लाइन, सगळ्यांना मिळून नंबर एकच, प्रत्येकाच्या कपाळावर लुकलुकणारे लाल दिवे, आणि कुठल्याही लाइनवर फोन आला की वाजणारी एक घंटा. संध्याकाळ झाली की आसपासच्या खेड्यांतली दूध केंद्रं एकामागून एक फोन लावायची. म्हणजे माणसं नव्हे, यंत्रं. तिकडचं यंत्र डायल करायचं, इथला मोडेम उचलायचा, दोघं एकमेकांची ओळख पटेपर्यंत जी काय किंचाळायची ती किंचाळायची, आणि मग आज दूध किती, कॅन किती, हे आकडे पडद्यावर येऊन बसायचे. कुठला टँकर कुठे जाणार ते या आकड्यांवर ठरायचं. त्यामुळे संध्याकाळचे दोन तास रिंगमास्टरचा रुबाब काही विचारू नका. घंटा वाजली की भुवया उंचावून दिव्यांकडे असा बघायचा, जणू काही दूध तोच देतोय.

माणूस शिस्तीचा, असं म्हणतात त्याच्याबद्दल. मी म्हणेन, शिस्तीचा हौशी. घरी चपलांचे जोड कुठल्या क्रमाने लावायचे याचाही त्याने नियम केला होता, आणि तो पाळत कुणीच नव्हतं. बायको शिवणकाम करायची. ती म्हणायची, "अहो, तुम्ही नियम करा, मी मापं घेते. दोघांचाही वेळ बरा जातो."

डेअरीत तो लागला तो कॅन धुण्याच्या कामावर, आणि लावला त्याला त्याच्या ताईने. आईवडील लवकर गेले. ताई त्याच्याहून चांगली आठ-दहा वर्षांनी मोठी. डोंगरापलीकडच्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत ती डेअरीचं चौदा नंबरचं केंद्र चालवायची. भावाला तिनेच वाढवला, तिनेच आकडेमोड शिकवली, तीसुद्धा दुधाच्या मापांवर. मग एक दिवस त्याला टँकरमध्ये बसवून दिलं आणि सांगितलं, "जा, तिथे हात धुऊन कामाला लाग, आणि परत आलास तर बघ."

तो हात धुऊन कामाला लागला. कॅनवरून काउंटरवर आला, काउंटरवरून फोनवर. मोडेम येण्याआधी केंद्रांवरून माणसं फोन करायची आणि हा कानाशी रिसीव्हर धरून आकडे लिहून घ्यायचा. सगळ्यांचे फोन अर्ध्या मिनिटात संपायचे. ताईचा फोन शेवटी यायचा, कारण तिला मागे कुणी ताटकळलेलं नको असायचं. आधी आकडा, मग बाकीचं जग. कुणाची गाय व्याली, कुणी कुणाशी बोलणं टाकलं, तांबडी कोंबडी आज पुन्हा वजनकाट्यावर बसून राहिली आणि तिचं वजन दुधात धरलं गेलं. तो पेन्सिल चावत ऐकत बसायचा. वरून कंटाळल्यासारखं "हं, हं" करायचा, पण फोन त्याने कधी आधी ठेवला नाही.

मग मोडेम आले. सगळ्या केंद्रांच्या लोकांना डेअरीच्या मोठ्या हॉलमध्ये बोलावलं आणि यंत्र कसं चालवायचं हे समजावून सांगायचं काम रिंगमास्टरकडे आलं. हातात माइक, समोर शंभरेक माणसं, पहिल्या रांगेत साहेब. माणसाच्या हातात माइक आला की त्याच्या अंगात काहीतरी संचारतं. तो म्हणाला, "या यंत्राचा सगळ्यात मोठा फायदा आमच्या ताईमुळे होणार आहे. ताईचा फोन म्हणजे दूध चार कॅन आणि गप्पा टँकरभर!"

हॉल हसला. साहेब तर डोळे पुसत हसले. तिसऱ्या रांगेत ताई बसली होती, ती हसली नाही. चहाच्या वेळी ती आली, आपल्या वाटणीचा यंत्राचा खोका काखेत मारला आणि म्हणाली, "बरं झालं. टँकरभर गप्पांचा तुला किती त्रास होत होता, मला माहीतच नव्हतं. इथून पुढे तुझं यंत्र आणि माझं यंत्र काय ते बोलून घेतील."

आणि ती गेली. त्याला वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल आणि फोन करेल. तिला वाटलं, दोन दिवसांत लाज वाटेल आणि फोन करेल. दोघं एकाच हाडामांसाची. कुणीच केला नाही. दोन दिवसांचे दोन महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. अबोला हा असा पाहुणा आहे की एकदा बूड टेकलं की उठायचं नाव घेत नाही.

पण संध्याकाळी, सगळ्यांच्या शेवटी, चौदा नंबरचं यंत्र फोन लावायचं. तेवढ्यापुरता रिंगमास्टर मोडेमचा आवाज वाढवायचा. बाकीच्या केंद्रांचा आवाज त्याने केव्हाच बंद करून टाकला होता, डोकं उठतं म्हणून. या एकाच फोनला तो खुर्ची ओढून फळीजवळ बसायचा आणि ती खरखर, ती शिट्टी, ती किंचाळी शेवटपर्यंत ऐकायचा. मग आकडे यायचे. ताई आहे, ठीक आहे, दूध घालायला माणसं येतायत. तेवढं कळलं की तो दिवे बघायचा आणि डबा उचलून घरी जायचा. घरी विचारलं तर म्हणायचा, "चौदा नंबर व्यवस्थित." बायको मान खाली घालून सुईत दोरा ओवायची.

आता त्याच्या एका नियमाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोळ त्यानेच झाला.

डेअरीचा फोन नंबर पूर्वी एका सिनेमा थिएटरचा होता. थिएटर बंद पडलं, नंबर डेअरीला मिळाला, पण गावाच्या सवयी अशा जात नाहीत. कुणी ना कुणी सार्वजनिक फोनवरून संध्याकाळच्या खेळाची वेळ विचारायला फोन करायचं, आणि मोडेम त्यांच्या कानात जिवाच्या आकांताने किंचाळायचा. एक आजोबा तर तणतणत डेअरीच्या दुकानात आले. म्हणाले, "लावा, भुताचे सिनेमे लावा, पण आधी सांगत तरी जा. माझं वय बघा!"

इथवर गंमत होती. पण मग कुठल्यातरी वात्रटाने, आपला नंबर दिसणार नाही अशा फोनवरून, एका केंद्राच्या नावाने खोटेच आकडे पाठवले. आकडा असा की तळं भरावं. सगळ्यात मोठा टँकर धुरळा उडवत तिथे पोचला, तर दोन कॅन, एक म्हातारी आणि एक मांजर. टँकर चालवणारा शेठ. त्याच्याकडे पैसा नव्हता, पण स्टिअरिंगमागे तो असा ऐसपैस बसायचा की नाव पडलं ते पडलं. त्याने परत येऊन सगळी डेअरी डोक्यावर घेतली. साहेबांनी रिंगमास्टरला बोलावलं.

"कुणीही यावं आणि आपल्या यंत्रात आकडे टाकून जावं? ही काय धर्मशाळा आहे?"

"नाही साहेब. बंदोबस्त करतो."

रिंगमास्टरला असं काही सांगा, तुम्ही त्याचा वाढदिवस केलात असं समजा. त्याने पुस्तिका उघडल्या, मोडेमच्या कळा चाचपल्या आणि त्याला हवं ते सापडलं. फोन येतो तेव्हा घंटेबरोबर करणाऱ्याचा नंबरही येतो. तो आला तर मोडेम उचलेल. नाही आला, तर घंटा कितीही वाजो, मोडेम ढिम्म हलणार नाही. दारावर त्याने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: नंबर नाही, तर प्रवेश नाही. पाटी सुकायच्या आत त्याला घरही आठवलं. नंबर दाखवणारी एक छोटी डबी आणून घरच्या फोनला लावली आणि बायकोला बजावलं, "यात नंबर दिसला नाही तर उचलायचं नाही. वाजून वाजून गप्प बसेल."

"आणि कुणाचं खरंच काम असेल तर?"

"ज्याचं खरंच काम आहे तो नंबर घेऊन येईल."

एक मात्र खरं, त्याने काम चोख केलं. नियम लागू करायच्या आधी एकेका केंद्राला स्वतः फोन लावला. "तुम्ही उलटा फोन करा, मला बघू द्या नंबर दिसतो का." सगळ्यांचे नंबर दिसले. मग चौदाची पाळी आली. त्याने रिसीव्हरवर हात ठेवला. उचलला, ठेवला. पाणी प्यायला. पुन्हा उचलला. इतक्या वर्षांनी फोन करायचा आणि म्हणायचं काय, तर तुझा नंबर दिसतो का? ती म्हणणार, भाऊ दिसेनासा झाला आणि नंबर कसला शोधतोस. त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला. "ताईचा फोन काय जगावेगळा आहे? दिसेल," असं खोलीला सांगितलं आणि चौदापुढे बरोबरची खूण करून टाकली.

सोमवारी नियम लागू झाला. सगळी केंद्रं सुरळीत आली, आणि शेवटी एक घंटा वाजायला लागली. पडद्यावर नंबर नाही. वाजली, वाजली, वाजली, आणि मोडेम गप्प. रिंगमास्टर हात चोळत उभा राहिला. घंटा थांबली. पुन्हा सुरू झाली. पुन्हा थांबली. पुन्हा सुरू झाली. कुणीतरी भलतंच चिकट होतं, पण दार काही उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार, तिसऱ्या दिवशीही. डेअरीत बातमी पसरली. बाटल्या धुण्याच्या विभागातली मुकादमबाई, आवाजाने पत्रे हलवणारी, आपल्या बायकांना घेऊन त्या वेळी चहा प्यायला रिंगमास्टरच्या खोलीत यायला लागली. त्याने त्या फोनचं नाव ठेवलं बिननंबरी. घंटा सुरू झाली की तो घंटेला वाकून नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "माफ करा साहेब, आज खेळ नाही." बायका पदराआड हसायच्या. "रिंगमास्टर, एकदा घ्या ना हो आत बिचाऱ्याला!" आणि तो पाटीकडे बोट दाखवायचा.

पण त्याच सोमवारपासून चौदा नंबरचे आकडे येणं बंद झालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, आकडेमोडीत आयुष्य घालवलेल्या माणसाला एवढी बेरीज जमू नये? नाही जमली. कारण मनातून तो कित्येक वर्षं ज्याला घाबरत होता तेच झालं असं त्याला वाटलं. ताईने शेवटचा धागाही तोडला. बिननंबरीपुढे तो हसायचा, बायका गेल्या की पडद्यावरच्या चौदापुढची रिकामी जागा बघत बसायचा. मोडेमचा आवाज वाढवून ठेवलेला होता, आणि त्यातून काहीच येत नव्हतं. जेवण जाईना. घरी चपला वाकड्या पडलेल्या दिसल्या तरी तो बोलेना, तेव्हा बायको खरी घाबरली.

शेठ मात्र न सांगता चौदावर जात होता. आकडे असोत नसोत, त्या रस्त्याला टँकर वळवला नाही तर त्याला चुकल्यासारखं व्हायचं. रिंगमास्टरने त्याला बाजूला घेतलं.

"ताई कशी आहे?"

"ठणठणीत. कॅन भरलेले असतात."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"तुमचं नाव काढलं की झाकण आपटते. चांगलं जाड झाकण आहे, कुणी दुसऱ्याने आपटलं असतं तर हात दुखला असता."

तेवढ्यात साहेबांचं फर्मान निघालं. जे केंद्र आकडे कळवत नाही ते महिनाअखेर बंद, तिथल्या लोकांनी दूध डोंगराखालच्या केंद्रावर घालावं. रिंगमास्टरने ते दोनदा वाचलं. ते केंद्र म्हणजे ताईची पुढची खोली. ते केंद्र म्हणजे तिचं बोलणं, भांडणं, तिचं सगळं गाव. ते बंद झालं तर ती दिवसभर करेल काय? त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, जाऊन या ना एकदा."

"मी? मी का जाऊ? आकडे तिने बंद केले."

"बरं, मग नका जाऊ. मीच जाते. आणि सांगते, तुमचा भाऊ जेवत नाही म्हणून आलेय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो टँकरमध्ये शेठशेजारी बसलेला होता. निघताना खोली मुकादमबाईच्या ताब्यात दिली. "काही करायचं नाही, फक्त बसायचं. पण नियम मोडायचा नाही."

"ब्रह्मदेव आला तरी?"

"ब्रह्मदेव आला तरी. नंबर असेल तर येईल आत."

डोंगर चढून टँकर पलीकडे उतरला. घर होतं तसंच होतं. पुढच्या खोलीत लांब टेबल, वजनकाटा, रांगेत कॅन, आणि काट्यावर एक तांबडी कोंबडी. तीच असणं शक्य नव्हतं, पण बसण्याची ऐट तीच होती. ताई एका कॅनवर झाकण दाबत होती. केस बरेच पिकले होते. तिने त्याला पाहिलं, क्षणभर हात थांबला, आणि मग ती शेठकडे वळली.

"शेठ, त्यांना विचारा चहा घेणार का."

"शेठ, तिला सांगा मी चहा प्यायला आलो नाही."

"मग कशाला आलेत, ते विचारा."

शेठने आयुष्यात मोठमोठे घाट पार केले होते, पण असा अडकला नव्हता. "अहो, तुम्ही दोघं माझ्या डाव्या-उजव्या हाताला उभी आहात," तो म्हणाला. "ऐकू येतंय तुम्हाला एकमेकांचं."

"शेठ," रिंगमास्टर म्हणाला, "तिला विचारा, आकडे का बंद केले. केंद्र बंद करायला निघालेत. तिला माझा एवढा राग असेल तर राहू दे, पण केंद्र कशाला घालवते?"

ताईने झाकण आपटलं. "मी बंद केले? मी? शेठ, त्यांना म्हणावं या इकडे. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

तिने आकडे भरले आणि कळ दाबली. यंत्राने डायल केलं. तिकडे घंटा जात असल्याचा आवाज आला, जात राहिला, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: उत्तर नाही. तिने पुन्हा दाबली. उत्तर नाही. पुन्हा. उत्तर नाही.

"रोज हेच," ताई म्हणाली. आता ती शेठला विसरली होती. "पहिल्या दिवशी वाटलं, लाइन बिघडली. लाइनमनला बोलावलं. तो म्हणाला, लाइन ठणठणीत आहे बाई, आपलं एक्स्चेंज जुनं आहे म्हणून तुमचा नंबर पुढे जात नाही एवढंच, पण नंबर नाही गेला म्हणून घंटा वाजायची थोडीच राहते? मग मला कळलं. घंटा वाजते. तूच उचलत नाहीस. बोलणं तर बंदच केलं होतंस, आता यंत्रालाही दार लावून घेतलंस."

रिंगमास्टर मटकन एका पालथ्या कॅनवर बसला.

"बिननंबरी," तो म्हणाला.

"कोण?"

त्याने सांगितलं. लपवलं काहीच नाही. पाटी सांगितली, खूण सांगितली, रिसीव्हर उचलून ठेवल्याचं सांगितलं. घंटेला केलेला नमस्कार सांगितला. चहाला येणाऱ्या बायका सांगितल्या. "रोज शेवटी यायचीस," तो म्हणाला, "आणि मी म्हणायचो, माफ करा साहेब, आज खेळ नाही."

ताईच्या चेहऱ्यावरून काही कळेना. रिंगमास्टर घाईघाईने उठला. "थांब, थांब. आत्ता दार उघडायला लावतो. मुकादमबाई बसल्यात तिथे." त्याने ताईचा फोन उचलला आणि आपल्या खोलीचा नंबर फिरवला. घंटा गेली. गेली. गेली. कुणी उचलेना.

"उचला ना!" तो फोनमध्ये ओरडला.

"कसे उचलतील?" शेठ म्हणाला. "ब्रह्मदेव आला तरी उचलायचं नाही, असं माझ्यासमोर सांगून आलात."

त्याने घरचा नंबर फिरवला. घरी बायको होती, शिलाई मशीन फोनच्या शेजारी होतं, हात लांबवला की पुरत होता. घंटा गेली, गेली आणि वाजून वाजून गप्प बसली. रिंगमास्टर रिसीव्हर हातात धरून उभा राहिला. या डोंगरापलीकडून तो सगळ्या जगाला फोन करू शकत होता, फक्त जिथे जिथे त्याचं कुणी होतं तिथे त्यानेच शिकवून ठेवलं होतं की याला आत घ्यायचं नाही.

आधी ताईच्या खांद्यांना सुरुवात झाली. मग तिने टेबल धरलं. मग ती जी हसायला लागली ती थांबेचना. शेठ हसला, कॅन घेऊन आलेल्या दोन बायका कारण न कळताच हसल्या, कोंबडी काट्यावरून खाली उडाली. आणि रिंगमास्टर, ज्याने आठवडाभर नीट जेवण केलं नव्हतं, तोही पालथ्या कॅनवर बसून पोट धरून हसला. हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले, आणि ते हसण्याचं पाणी नव्हतं हे सगळ्यात आधी ताईला कळलं. ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

"ताई, त्या दिवशी हॉलमध्ये मी जे बोललो..."

"माइकमध्ये बोललास. नुसतं बोलला असतास तर ऐकून घेतलं असतं."

"चुकलो. मला तुझ्या गप्पांचा कधीच त्रास नव्हता. मला त्या नसल्याचा त्रास होतो. रोज मोडेमचा आवाज वाढवून बसतो."

"त्या किंचाळीत काय ऐकतोस?"

"माहीत नाही. तू आहेस एवढं ऐकू येतं."

ताईने पदराने नाक पुसलं. "मग एक फोन करायला काय झालं होतं?"

"तू का नाही केलास?"

"केला की," ताई म्हणाली. "रोज केला. तूच उचलला नाहीस."

तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, लहानपणी घालायची तसाच, आणि चहा टाकायला उठली. शेठ आकडे कागदावर घेऊन एकटाच खाली गेला. रिंगमास्टरच्या घरी निरोप द्यायला तो स्वतः दारात गेला, कारण फोनचा भरवसा राहिला नव्हता. मुक्काम पडला. इतक्या वर्षांचं साठलेलं जग ताईने त्याला सांगितलं. कुणाच्या गाईला काय झालं, कुणाचं कुणाशी जुळलं, पहिली तांबडी कोंबडी कशी गेली आणि तिच्या नातीने काट्यावरचा हक्क कसा मिळवला. तो पेन्सिलीशिवाय ऐकत होता आणि एकदाही "हं, हं" केलं नाही.

परत आल्यावर तो आधी साहेबांकडे गेला. चौदा नंबरचं केंद्र चालू आहे आणि चालू राहील, त्याचे आकडे तोंडी येतील, असं सांगितलं.

"एका केंद्रासाठी नियम मोडायचा?"

"मोडायचा नाही साहेब. यंत्राचा नियम यंत्राला राहील. फक्त एका लाइनवर माणूस बसेल."

साहेबांना टँकरभर गप्पा आठवल्या असाव्यात. ते हसले आणि सही केली.

मग त्याने जुना नंबर, तो सिनेमावाला, मोडेमवरून काढला आणि कपाटात पडलेल्या जुन्या काळ्या फोनला दिला. यंत्रांसाठी दुसरा नंबर घेतला. तो कळवायला पुन्हा सगळ्या केंद्रांना फोन करायचे होते. या वेळी त्याने सुरुवात चौदापासून केली, तिला त्या नंबरची गरज नसताना. एकच केंद्र झालं आणि दुपार संपली. बाकीची दुसऱ्या दिवशी उरकली. पाटी दारावर तशीच राहिली, काळ्या फोनला मात्र डबी लावली नाही. घरची डबी बायकोने काढून सुया ठेवायला घेतली.

मुकादमबाईच्या बायका अजूनही त्या वेळी चहाला येतात, आता त्यांना कोंबडीची खबर हवी असते. संध्याकाळी सगळी यंत्रं किंचाळून झाली की खोली शांत होते आणि रिंगमास्टर खुर्ची काळ्या फोनकडे ओढतो. परवा घंटा नेहमीपेक्षा जरा लवकर वाजली. त्याने झडप घालून रिसीव्हर उचलला.

"बोल ताई!"

तिकडे कुणीतरी घसा खाकरला. जाडाभरडा पुरुषी आवाज होता. "अहो, मी ताई नाही. संध्याकाळच्या खेळाची दोन तिकिटं मिळतील का?"

"खेळ कधीच बंद झाला हो," रिंगमास्टर अगदी आनंदाने म्हणाला. "आता ठेवा बघू फोन. माझ्या ताईचा यायचाय."